मंद स्फोटाचा पत्ता: एम ८४ दीर्घिकेतील १९९१बीजी या अतिनवताऱ्याचे प्रकरण

डिसेंबर १९९१ मध्ये जपानमधील निरीक्षक रेइकी कुशिदा यांना कन्या तारकासमूहातील एम ८४ या दीर्घिकेत आधी नसलेला एक प्रकाशबिंदू आढळला. शोधाचे वर्ष आणि त्या वर्षातील क्रम यांवरून त्याला १९९१बीजी हे नाव मिळाले. तो अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा होता, आणि त्याचा वर्णपट, म्हणजे रंगांनुसार विभागलेला प्रकाश, घेतल्यावर तो १-ए प्रकारचा, म्हणजे श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटातून प्रकट झालेला असल्याचे ठरले. महिन्याच्या मध्याला तो सर्वाधिक तेजस्वी झाला, तरी निळ्या प्रकाशात त्याची प्रत, म्हणजे तेज सांगणारा आकडा, सुमारे १४.७ इतकीच होती. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद असतो आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पटींचा फरक, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यातली अडचण समजते. तेवढ्या अंतरावरील १-ए अतिनवतारा निळ्या प्रकाशात १२ व्या प्रतीच्या आसपास पोहोचायला हवा होता. १९९१बीजी निळ्या प्रकाशात अपेक्षेपेक्षा सुमारे अडीच प्रतींनी, म्हणजे दहा पटींनी मंद होता. पिवळट-हिरव्या दृश्य पट्ट्यात ही तूट सुमारे १.६ प्रतींची, म्हणजे चार पटींहून थोडी अधिक होती.

ही तूट का महत्त्वाची ठरली हे समजण्यासाठी त्या काळची धारणा आठवावी लागते. श्वेत बटू हा सूर्यासारख्या किंवा त्याहून काहीशा जड ताऱ्याचा उरलेला गाभा असतो. त्याचे वस्तुमान सूर्याच्या तोडीचे, आकार मात्र पृथ्वीएवढा. तो बहुधा कार्बन आणि ऑक्सिजनचा बनलेला असतो आणि इलेक्ट्रॉनांच्या पुंजभौतिकीय दाबाच्या आधारावर उभा असतो. हा आधार सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंतच टिकतो, आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकात दाखवलेली हीच ती चंद्रशेखर मर्यादा. जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढत श्वेत बटू या मर्यादेजवळ पोहोचतो आणि त्याच्या गाभ्यात कार्बन अनावरपणे पेटतो, असे चित्र मांडले गेले होते. सगळ्यांचे वस्तुमान सारखे, इंधन सारखे, म्हणून प्रकाशही सारखा, हे त्याचे ओघाने येणारे अनुमान होते, आणि त्याच बळावर १-ए अतिनवताऱ्यांना विश्वातील अंतरे मोजण्याचे प्रमाण दीप मानले जात होते. योगायोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनजीसी ४५२७ या दीर्घिकेत १९९१टी हा अतिनवतारा दिसला होता. त्याचा वर्णपट नेहमीपेक्षा अधिक तप्त होता आणि तेजही सरासरीहून चढे होते. एकाच वर्षात प्रमाण दिव्यांच्या कुळातील दोन टोके समोर आली. या लेखात मी मंद टोकाचे प्रकरण तपशिलाने मांडतो, कारण माझ्या मते स्फोट होणाऱ्या श्वेत बटूंविषयी आपल्याला जे शिकता आले त्यातला मोठा वाटा या टोकाकडून आलेला आहे. हे प्रकरण नीट वाचायचे तर स्फोटाच्या प्रकाशाबरोबर स्फोटाचा पत्ताही वाचावा लागतो.

अंतर आणि धूळ: दोन साधे खुलासे

एखादा तारा मंद दिसला की पहिली शंका अंतराची येते. तो खरोखरच मंद आहे की आपण समजतो त्यापेक्षा दूर आहे? बहुतेक प्रकरणांत हा वाद लांबतो, कारण दीर्घिकांची अंतरे स्वतःच अनिश्चित असतात. एम ८४ च्या बाबतीत मात्र निसर्गाने तुलनेची सोय आधीच करून ठेवली होती. याच दीर्घिकेत १९५७ मध्ये १९५७बी हा अतिनवतारा प्रकटला होता आणि तो १२ व्या प्रतीच्या आसपास पोहोचला होता. दोघांचे घर एकच असल्यामुळे दोघांचे अंतरही एकच, आणि ते अंतर नेमके किती प्रकाशवर्षे आहे हे ठाऊक नसले तरी दोघांच्या तेजाचे गुणोत्तर बदलत नाही. एम ८४ आपल्यापासून सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, पण येथे त्या आकड्याची गरजच पडत नाही. अंतराचा खुलासा असा पहिल्याच पायरीवर बाद होतो, आणि म्हणूनच या प्रकरणाचा पाया इतका भक्कम आहे.

दुसरी शंका धुळीची. आंतरतारकीय धूळ निळा प्रकाश अधिक आणि तांबडा प्रकाश कमी अडवते. त्यामुळे धुळीमागचा तारा मंद आणि लालसर दिसतो. १९९१बीजी लालसर होता यात शंका नाही. नेहमीच्या १-ए अतिनवताऱ्याचा निळ्या आणि दृश्य पट्ट्यांतील फरक कमाल तेजाच्या वेळी जवळपास शून्य असतो, तर येथे तो सुमारे पाऊण प्रत होता. निळ्यात अडीच प्रतींची आणि दृश्यात १.६ प्रतींची तूट हा क्रमही वरवर पाहता धुळीशी जुळतो. एम ८४ च्या केंद्राजवळ धुळीचे पट्टे आहेत हेही खरे. परंतु धूळ फक्त प्रकाश गाळते. ती स्फोटाच्या द्रव्याचा वेग बदलू शकत नाही, प्रकाश उतरण्याची गती वाढवू शकत नाही आणि वर्णपटात मूलद्रव्यांच्या नव्या खुणा कोरू शकत नाही. १९९१बीजीमध्ये या शेवटच्या दोन्ही गोष्टी ठळकपणे वेगळ्या होत्या.

तुलनेसाठी १९८६जी हा अतिनवतारा घ्यावा. तो एनजीसी ५१२८, म्हणजे नरतुरंग अ या दीर्घिकेच्या प्रसिद्ध धूलिपट्ट्यात फुटला होता. त्याच्या वर्णपटात आंतरतारकीय सोडियमच्या तीव्र रेषा होत्या आणि त्याचा लालसरपणा बऱ्याच अंशी धुळीचाच होता. तरीही धुळीचा हिशेब वजा केल्यावर तो सामान्य आणि १९९१बीजी यांच्या मधला, काहीसा मंद आणि झपाट्याने उतरणारा निघाला. म्हणजे धूळ आणि अंगचा मंदपणा या दोन गोष्टी एकाच ताऱ्यात असू शकतात, आणि त्या वेगळ्या काढण्याचे साधन रंग नसून वर्णपट आणि प्रकाशाचा उतार हे आहे. मंद अतिनवताऱ्यांच्या अभ्यासात ही दक्षता आजही पहिली मानावी असे मला वाटते, कारण केवळ रंग आणि तेज पाहून केलेले वर्गीकरण धुळीने झाकलेल्या सामान्य अतिनवताऱ्यांना मंद कुळात सहज ढकलते.

टायटॅनियमची खूण आणि निकेलची तूट

सर्व १-ए अतिनवताऱ्यांप्रमाणे १९९१बीजीच्या वर्णपटात हायड्रोजन नव्हता आणि आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, सिलिकॉनची तांबड्या भागातील खूण स्पष्ट होती. वेगळेपण निळ्या भागात होते. साधारण ४१०० ते ४४०० अँगस्ट्रॉम (प्रकाशाच्या तरंगलांबीचे एकक) या पट्ट्यात एक रुंद, खोल दरी दिसत होती आणि ती एकदा आयनीभूत झालेल्या टायटॅनियमच्या असंख्य रेषा एकमेकींत मिसळल्यामुळे तयार झाली होती. या दरीमुळे निळा प्रकाश आणखी कापला गेला. सिलिकॉनच्या दोन खुणांपैकी ५८०० अँगस्ट्रॉमजवळची, एरवी दुबळी असणारी खूणही येथे बळकट होती, आणि ऑक्सिजनची अवरक्ताजवळील खूणही.

टायटॅनियम ठळक दिसले म्हणजे ते जास्त तयार झाले, असा अर्थ काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. अतिनवताऱ्याच्या बाह्य थरांत थोडे टायटॅनियम असतेच. द्रव्य फार तापलेले असले की त्याचे अणू दोनदा आयनीभूत होतात आणि दृश्य प्रकाशातली त्यांची छाप पुसट होते. तेच द्रव्य थंड असले की एकदा आयनीभूत झालेले अणू मोठ्या संख्येने उरतात आणि ही दरी उघडते. १९९५ मध्ये पीटर न्यूजंट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की १-ए अतिनवताऱ्यांच्या वर्णपटांतील तप्त टोकापासून मंद टोकापर्यंतचा क्रम जवळपास एकाच द्रव्यमिश्रणात केवळ तापमान बदलून उभा करता येतो. टायटॅनियमची दरी हा त्या स्फोटाचा तापमापक आहे. आता प्रश्न असा उरतो की द्रव्य थंड का राहिले.

उत्तर निकेलमध्ये आहे. स्फोट काही सेकंदांत आटोपतो आणि त्याची उष्णता प्रसरणात जवळपास पूर्णपणे खर्च होते, म्हणून पुढचे कित्येक आठवडे जो प्रकाश दिसतो तो स्फोटाच्या ज्वाळेचा नसतो. स्फोटात तयार झालेले निकेल-५६ हे किरणोत्सर्गी समस्थानिक ६.१ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट-५६ मध्ये आणि ते ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड-५६ मध्ये बदलते. या क्षयातून निघालेले गॅमा किरण द्रव्याला तापवतात आणि तोच उजेड आपल्यापर्यंत येतो. म्हणून कमाल तेज हे मुख्यतः निकेलचे माप असते. सामान्य १-ए अतिनवताऱ्यात सूर्याच्या सुमारे ०.६ पट वस्तुमानाचे निकेल-५६ बनते. पाओलो मॅझाली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १९९१बीजीच्या वर्णपटांचे प्रतिरूप तयार करून हा आकडा सुमारे ०.०७ इतका काढला. सरपण आठ-नऊ पटींनी कमी पडले, आणि शेकोटी त्या मानाने मंद व थंड राहिली.

येथे एक बारकावा आहे आणि तो मला या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा वाटतो. निकेल कमी म्हणजे स्फोट दुबळा, असे समीकरण मांडता येत नाही. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे ज्वलन सिलिकॉन-गंधकापर्यंत येऊन थांबले तरी निकेलपर्यंत जाण्यात मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा तोवर सुटलेला असतो. म्हणूनच १९९१बीजीचे सिलिकॉन कमाल तेजाच्या वेळी सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने पसरत होते, म्हणजे सामान्य अतिनवताऱ्यांपेक्षा फारसे मागे नव्हते. तारा पूर्णपणे उद्ध्वस्त झाला होता. उजेड देणारी राख तेवढी थोडी बनली होती.

प्रकाशाचा उतार

मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये नऊ १-ए अतिनवताऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की जो जितका तेजस्वी तो तितका सावकाश उतरतो. कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत निळ्या प्रकाशातील घट हे त्यांनी माप म्हणून वापरले. सामान्य अतिनवताऱ्यात ही घट सुमारे १.१ प्रत असते, म्हणजे तेज एक तृतीयांशाहून थोडे अधिक उरते. १९९१बीजीमध्ये ती सुमारे १.९ प्रत होती, म्हणजे तेज जवळपास एक षष्ठांशावर आले. फिलिप्स यांच्या आलेखात तेजस्वी टोकाला १९९१टी आणि मंद टोकाला १९९१बीजी होता, आणि या दोन बिंदूंमुळेच तेज आणि उतार यांचे नाते इतके उठून दिसले. पुढे याच नात्याच्या आधारे १-ए अतिनवताऱ्यांची अंतरे सुधारून घेतली गेली आणि १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाला गती मिळत असल्याचा निष्कर्ष निघाला. विशेष म्हणजे त्या मोजणीच्या कामातून १९९१बीजीसारखे तारे बहुधा वगळले जातात, कारण अगदी मंद टोकाला हे नाते सरळ राहत नाही, तेज एकदम ढासळते. ज्याने नाते उघड केले त्यालाच ते पूर्णपणे लागू पडत नाही.

आणखी एक खूण अवरक्ताजवळच्या प्रकाशात होती. सामान्य १-ए अतिनवताऱ्यांचा प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार तेजाचा आलेख, तेथे तीन-चार आठवड्यांनी दुसरा उंचवटा दाखवतो. दोनदा आयनीभूत असलेले लोखंड थंड होऊन एकदा आयनीभूत अवस्थेत येते आणि निळी ऊर्जा तांबड्याकडे वळवते, त्याचा तो परिणाम असतो. १९९१बीजीत हा दुसरा उंचवटा नव्हता. थंड द्रव्यात ही घडामोड इतक्या लवकर झाली की तिचा प्रकाश पहिल्याच उंचवट्यात मिसळून गेला. त्यानंतरच्या महिन्यांत तेज कोबाल्टच्या क्षयाच्या गतीपेक्षा वेगाने घटत राहिले, कारण गॅमा किरण द्रव्यात अडकण्याऐवजी बाहेर निसटत होते. पसरलेले द्रव्य विरळ किंवा एकूणच कमी असल्याचे हे लक्षण आहे, आणि त्यावरूनच मॅझाली यांच्या गटाने स्फोट झालेला तारा चंद्रशेखर मर्यादेच्या बराच खालचा असावा असे सुचवले होते.

घर: एम ८४ आणि तिच्यासारख्या दीर्घिका

शार्ल मेसिए यांनी १८ मार्च १७८१ रोजी नोंदवलेली एम ८४ ही कन्या दीर्घिकासमूहातील मोठी लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. तिच्या केंद्रात कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि त्यातून निघालेले रेडिओ झोत दोन्ही बाजूंना पसरलेले दिसतात. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट साधी आहे: या दीर्घिकेत नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत. तिच्यातील तारे बहुतांशी अब्जावधी वर्षांपूर्वीचे, पिवळट-तांबडे आणि कमी वस्तुमानाचे आहेत. जड तारे कधीच संपून गेलेले आहेत, म्हणून तेथे गाभा कोसळून होणारे अतिनवतारे दिसत नाहीत आणि जे अतिनवतारे दिसतात ते श्वेत बटूंचेच असतात.

एका प्रकरणावरून पत्त्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही, पण पुढची प्रकरणे त्याच दिशेने बोट दाखवत गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यात मारिओ हॅमुय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील १-ए अतिनवतारे सरासरीने मंद आणि भरभर उतरणारे असतात, तर सर्पिल दीर्घिकांतील तेजस्वी आणि सावकाश उतरणारे. २००१ मध्ये अँड्र्यू हॉवेल यांनी १९९१बीजीच्या वळणाचे अतिनवतारे मुख्यतः जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकांत आढळतात आणि १९९१टीच्या वळणाचे सर्पिलांत, हे संकलित पुराव्यांतून मांडले. २०१९ मध्ये फियोना पँथर आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकेचा एकूण प्रकार पाहण्यावर न थांबता स्फोटाच्या नेमक्या जागेभोवतीच्या ताऱ्यांचे वर्णपट तपासले. बहुतेक ठिकाणी त्यांना जुनी वस्ती आढळली, अलीकडच्या तारकाजन्माच्या खुणा आढळल्या नाहीत, आणि ताऱ्यांचा जन्म व स्फोट यांतले अंतर बहुधा ६ अब्ज वर्षांहून अधिक असावे असा त्यांचा निष्कर्ष होता.

एनजीसी १३१६, म्हणजे फोर्नॅक्स अ या दीर्घिकेचे उदाहरण एम ८४ च्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. तेथे १९८०एन, १९८१डी आणि २००६डीडी हे तीन सामान्य १-ए अतिनवतारे दिसले आणि २००६एमआर हा चौथा, १९९१बीजीच्याच वळणाचा, अतिशय मंद. पुन्हा तेच अंतर, तेच घर, आणि तेजात मोठी तफावत. या दोन्ही दीर्घिका एक गोष्ट स्पष्ट करतात की जुनी वस्ती मंद स्फोटांना अनुकूल असली तरी ती सामान्य स्फोटांना मज्जाव करत नाही. पत्ता संभाव्यता सांगतो. उलट बाजूचा अपवादही आहे: १९९९बीवाय हा १९९१बीजीचा जवळचा भाऊ एनजीसी २८४१ या सर्पिल दीर्घिकेत फुटला. सर्पिल दीर्घिकांतही जुने तारे भरपूर असतात, त्यामुळे हा अपवाद नियम मोडत नाही. मात्र संपूर्ण दीर्घिकेचा प्रकार पाहण्यापेक्षा स्फोटाभोवतीची जागा तपासणे का आवश्यक आहे, हे तो चांगले दाखवतो.

असे तारे विरळ आहेत का? वरवरच्या मोजणीत तसे वाटते, पण मंद ताऱ्यांची मोजणी फसवी असते. दहा पटींनी मंद वस्तू त्याच दुर्बिणीला सुमारे ३.२ पट कमी अंतरापर्यंतच दिसते, आणि घनफळाच्या हिशेबाने पाहिले तर शोधाचे क्षेत्र तीस पटींहून अधिक आकसते. त्यातच तो भरभर मावळत असल्यामुळे दोन निरीक्षणांमधल्या काळात निसटण्याची शक्यताही वाढते. लिक वेधशाळेच्या स्वयंचलित दुर्बिणीने जवळच्या दीर्घिकांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून केलेल्या पाहणीत हा दोष सुधारल्यावर, ठरावीक घनफळातील १-ए अतिनवताऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के १९९१बीजीच्या वळणाचे निघाले. सहा-सातांमध्ये एक, हे प्रमाण अपवादाचे नव्हे. शोधयादीत ते तुरळक दिसतात याचे कारण आपल्या जाळ्याच्या विणीत आहे.

मंद, पण दुसऱ्या घरचे

पत्त्याचे महत्त्व सर्वांत चांगले कळते ते इतर मंद कुळांशी तुलना केल्यावर. २००२सीएक्सवरून ओळखले जाणारे १-एएक्स कुळ हेही मंद आणि श्वेत बटूंचेच मानले जाते. त्यातील २००८एचए तर कमालीचा मंद होता. त्याचे द्रव्य सेकंदाला केवळ २,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने पसरत होते. हे तारे मुख्यतः तारकाजन्म चालू असलेल्या दीर्घिकांत आढळतात, आणि २००८एचएचे घर यूजीसी १२६८२ ही अनियमित दीर्घिका होती. याच कुळातील २०१२झेडच्या जागी, एनजीसी १३०९ या सर्पिल दीर्घिकेत, स्फोटापूर्वीच्या हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक निळा तारा सापडला आणि तो हेलियम पुरवणारा जोडीदार असावा असे मानले जाते. येथे स्फोट अर्धवट राहून श्वेत बटूचा काही भाग मागे उरत असावा, हा विचार प्रबळ आहे.

तिसरे कुळ कॅल्शियमबहुल मंद स्फोटांचे. २००५ई हा त्यातला नमुना एनजीसी १०३२ या दीर्घिकेच्या केंद्रापासून फार दूर, जवळजवळ वस्तीबाहेर दिसला होता. तीन कुळे, तिन्ही मंद, आणि तिघांचे पत्ते वेगळे: एक जुन्या ताऱ्यांच्या भरवस्तीत, दुसरे तरुण वस्तीत, तिसरे वेशीबाहेर. केवळ तेजाच्या पट्टीवर या तिघांना एकत्र ठेवले असते तर तीन निरनिराळ्या घटनांची एकच सरासरी हाती आली असती आणि ती कशाचीच खरी ठरली नसती.

स्फोट कसा झाला असावा

निकेल-५६ मोठ्या प्रमाणावर बनण्यासाठी घन सेंटिमीटरला साधारण १ कोटी ग्रॅमहून अधिक घनता लागते. चंद्रशेखर मर्यादेजवळच्या श्वेत बटूच्या केंद्रात ती २०० कोटी ग्रॅमच्या घरात असते, म्हणून त्याचा मोठा भाग निकेलपर्यंत जळू शकतो. हलक्या श्वेत बटूत तेवढी घनता फक्त मधल्या लहान भागात सापडते. स्टुअर्ट सिम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या गणनेत सूर्याच्या १.०६ पट वस्तुमानाच्या श्वेत बटूच्या विस्फोटातून सुमारे ०.५६, तर ०.८८ पट वस्तुमानाच्या श्वेत बटूतून केवळ ०.०७ इतके निकेल निघाले. शेवटचा आकडा १९९१बीजीच्या मोजमापाशी जुळतो. त्याच वर्षी र्युडिगर पाकमोर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येकी सुमारे ०.९ पट वस्तुमानाचे दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळून फुटण्याचे प्रतिरूप मांडले. त्यातूनही मंद, थंड, टायटॅनियमची दरी असलेला वर्णपट मिळाला, परंतु द्रव्य जास्त असल्यामुळे प्रकाशाचा उतार प्रत्यक्षापेक्षा सौम्य राहिला.

येथे पत्ता पुन्हा उपयोगी पडतो. ०.९ पट वस्तुमानाचा श्वेत बटू सूर्याच्या चार-पाच पट जड ताऱ्यापासून बनतो आणि तसा तारा १० ते २० कोटी वर्षांतच आयुष्य संपवतो. मग स्फोटाला अब्जावधी वर्षे का लागावीत? उशीर श्वेत बटूच्या जन्मात नसून जोडीच्या पुढच्या वाटचालीत असला पाहिजे: एक तर जोडीदार इतका हलका होता की त्याला म्हातारपण यायला फार वेळ लागला, किंवा दोन श्वेत बटू गुरुत्वीय लहरी उत्सर्जित करत अतिशय सावकाश जवळ आले. २०१७ मध्ये रोलंड क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी कार्बन-ऑक्सिजनचा एक आणि हेलियमचा एक, अशा हलक्या श्वेत बटूंच्या विलीनीकरणाची कल्पना मांडली. त्याला ३ ते ६ अब्ज वर्षे लागतात. त्यांच्या मते अशा स्फोटांत बनणारे टायटॅनियम-४४ आकाशगंगेत दिसणाऱ्या पॉझिट्रॉनांच्या (इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकणांच्या) विनाशाच्या गॅमा किरणांचाही उगम असू शकते. वाचकांनी हे किरणोत्सर्गी टायटॅनियम आणि वर्णपटातली टायटॅनियमची दरी यांची गल्लत करू नये. दरी तापमानाची आहे, हा मुद्दा अणुकेंद्रांचा आहे. व्यक्तिशः मला हलक्या श्वेत बटूचा मार्ग अधिक पटतो, कारण तो निकेलची तूट, झपाट्याचा उतार आणि लवकर निसटणारे गॅमा किरण हे तिन्ही एकाच कारणाने समजावतो.

तरीही त्याविरुद्ध एक वजनदार पुरावा आहे आणि तो दडवता येणार नाही. अतिशय जास्त घनतेत स्थिर, म्हणजे किरणोत्सर्गी नसलेले निकेल बनते. हलक्या श्वेत बटूत ते ठळकपणे दिसू नये. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२एक्सकेक्यू या मंद कुळाकडे झुकणाऱ्या अतिनवताऱ्याचा मध्य-अवरक्त वर्णपट स्फोटानंतर काही महिन्यांनी घेतला, तेव्हा त्यात स्थिर निकेलची उत्सर्जन रेषा वेगळी उभी होती, आणि अभ्यासकांनी त्यावरून चंद्रशेखर मर्यादेजवळच्या श्वेत बटूचा खुलासा पुढे केला. तो तारा १९९१बीजीइतका टोकाचा नाही, म्हणून एका मोजमापाने निकाल लागत नाही. पण परीक्षा कोणती घ्यायची हे त्याने ठरवून दिले आहे. १९९१ मध्ये मध्य-अवरक्तात असे वर्णपट घेणारी दुर्बीण नव्हती, आणि एम ८४ मधील ते द्रव्य आता पसरून इतके विरळ व मंद झाले आहे की दीर्घिकेच्या प्रकाशात ते वेगळे काढता येत नाही. ही परीक्षा आता एखाद्या जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेत टायटॅनियमची दरी दाखवणाऱ्या पुढच्या स्फोटावर घ्यावी लागेल, आणि तीही त्याचा उजेड उतरल्यानंतर, जेव्हा गाभ्यातील राख उघडी पडते.